पाठ झालेला उखाणा

तांदळाचं माप उंबऱ्यावर ठेवलेलं होतं आणि मी नणंदेच्या हक्कानं दार अडवून उभी होते. "वहिनी, नाव घेतल्याशिवाय सोडणार नाही."

सेल्वी मदुराईची, आमच्याच बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहायची. दादाशी लग्न ठरल्यावर मराठीत जीभ वळावी म्हणून तिनं एकच उखाणा इथल्या बाई न् बाईला ऐकवला होता, जिन्यात, गच्चीवर, कपडे वाळत घालताना. पेढ्याशी अडखळली की आम्ही म्हणायचो, पहिल्यापासून घे.

तिनं पदर सावरला आणि सुरू केलं. "मदुराईचा मोगरा, साताऱ्याचा पेढा..."

"सत्यजितरावांचं नाव घेताना जीव होतो वेडा." हे म्हणाली ती नव्हे, तिच्यामागच्या सगळ्या बायका, एका सुरात. सत्तरीच्या निकम काकूंचा आवाज सगळ्यात मोठा होता. निकम काका बघतच राहिले.

आई ओवाळायचं ताट घेऊन आली. "माझ्या मुलाचं नाव सगळ्यांनीच घेतलं. आता आत घेऊ कुणाला?"

"त्यांना जिनं शिकवलं तिला घ्या की, आई," सेल्वी म्हणाली.

हे मात्र आमच्यापैकी कुणीच आधी ऐकलेलं नव्हतं. मी दार सोडलं.