साहेबांची लेक चौथीत
भर सभेत सरकारी शाळेतल्या बाईंनी कोट्यधीश समाजवादी पुढाऱ्याला टोकलं, "सगळ्यांना सारखं शिक्षण म्हणता, मग तुमची लेक आमच्याकडे का नाही?" पठ्ठ्याने खरंच तिला बाईंच्या चौथीत घातलं! बाई हरखल्या. पण आठवड्यात तेवढ्याच वर्गाला रंग लागला, नवे बाक आले. शेजारच्या तिसरीचं छत गळतच राहिलं. बाईंनी फोनवर फोन केले. "बघतो," साहेब म्हणायचे. शेवटी बाईंनी वैतागून तिसरीची पोरं आपल्याच वर्गात आणून बसवली. साहेबांची लेक एका बाकावर चौघींच्या दाटीत पहिल्यांदाच खिदळली. साहेबांनी दारातून पाहिलं, बाईंना शाबासकी दिली. दुसऱ्या दिवसापासून लेक आलीच नाही. रविवारी टीव्हीवर साहेब गरजले, "माझी मुलगी सरकारी शाळेत शिकली आहे!" "माणूस शब्दाचा पक्का हं," बाईंचा नवरा म्हणाला. बाईंनी टीव्ही असा बंद केला की बटणच हातात आलं.