पाण्यातून धावणारे घोडे

"तू माझ्यासाठी टाकलेले घोडे सापडले का रे?" आईने पुन्हा विचारलं.

तिचा मिरजेच्या घरातला कॉम्प्युटर बंद पडल्यापासून तिची दुपार जात नव्हती. तो मुळात उदयचा; स्वतःसाठी नवा घेतल्यावर त्याने हा जुना तिला आणून दिला होता. त्यात त्याने काहीच टाकलं नव्हतं. ते घोडे त्या वेळच्या बहुतेक कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच असायचे, नमुन्याचा व्हिडिओ म्हणून.

बरंच शोधल्यावर जुन्या फायली जपणाऱ्या एका साइटवर तो व्हिडिओ मिळाला. उदयने मोबाइल आईसमोर धरला. घोडे पाण्यातून धावू लागले, तशी ती खुर्चीत पुढे सरकली.

"माझ्या वडिलांचा टांगा होता ना," ती शेजारून आलेल्या कुरणेवहिनींना म्हणाली. "मला घोडे आवडतात, हे याने बरोबर लक्षात ठेवलं."

आजोबांचा टांगा उदयला ठाऊक होता. आईला काय आवडतं, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

"अहो, हेच घोडे आमच्याही कॉम्प्युटरवर होते की," वहिनी म्हणाल्या.

आता उदयला खरं सांगावंच लागणार होतं.

आई मात्र घोड्यांवरची नजर न काढता हसली. "असणारच. तुमच्याही पोराने आठवणीने टाकले असतील."