अंबक्काची बॅच

"उद्यापासून तुम्ही बटणं लावायची. शिकवणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे," मालकांच्या जावयाने चाळीस मुलींसमोर अंबक्काला सांगितलं.

सोलापुरातल्या त्या गणवेशांच्या कारखान्यात अंबक्का यन्नम अकरा वर्षं नव्या मुलींना शिवण शिकवत होती. ती सहावी पास. प्रशिक्षण अधिकारी म्हणून आलेला जावई पदवीधर. तो पडद्यावर दाखवायचा ती चित्रं पाहून एकीलाही कॉलर जमेना. मुली जेवणाच्या सुट्टीत अंबक्काकडे येऊ लागल्या. वर्षभर तिने हातचं काही न राखता त्यांना शिकवलं, आणि अपमान गिळत बटणं लावली.

मे महिन्यात, शाळांच्या ऑर्डरी ऐन भरात असताना, तिने राजीनामा दिला. समोरच्या नव्या कारखान्यात ती मुख्य प्रशिक्षक झाली. आठवड्याभरात चौदा जणी तिच्यामागे गेल्या.

मालक स्वतः तिच्या घरी आले. "अक्का, निदान पाच जणी तरी परत पाठवा. माल अडकलाय."

या दिवसासाठीच ती गप्प राहिली होती. तिने त्यांना सावकाश चहा पाजला.

"मुली येणार नाहीत, मालक. पण जावईबापूंना पाठवा. सोमवारी नवी बॅच सुरू होतेय. सुईत दोरा ओवण्यापासून शिकवीन."