वरून टाकलेलं सोनं

ज्वालामुखीच्या पायथ्याशी कॅम्पग्राउंडवर मी सकाळी संडास धुवायचे आणि दुपारी अभ्यासासाठी राखेत उगवलेली रोपं मोजून त्यांना क्रमांकाचे बिल्ले लावायचे. दसऱ्याला बॉथेल शहरातून आलेली मराठी मंडळी तंबूंसमोर सोनं लुटत होती. इथे परदेशात आपटा कुठला, म्हणून जवळच्या उतारावरचं झुडूप त्यांनी ओरबाडलं होतं. मी बादली घेऊन जाताना एक काकू नातीला म्हणाल्या, “केया, त्या बाईलाही दे. पण वरून टाक हं, संडास धुते ती.” मी हातमोजा काढून हात पुढे केला. “हॅपी दसरा!” म्हणत केयाने उंचावरून डहाळी सोडली. डहाळीला माझ्या अक्षरातला बिल्ला होता: रोप एकेचाळीस. आठ वर्षं मोजलेलं, त्या उतारावर जगलेलं एकमेव. “काकू, हे रोप माझं होतं,” मी मराठीत म्हणाले. “अय्या, आपलीच की!” म्हणत त्या हात धरायला आल्या. मी हातमोजा पुन्हा चढवला.