अल्पेशच्या नावचा दिवा

“आये, दिवा इझव! आत्ताच्या आत्ता!”

प्राप्ती अंगणाच्या वरच्या टोकाला लोखंडी पिंपाशी उभी होती. उताराच्या तळाशी, समुद्राकडच्या दगडी गडग्यावर, सोनूबाई दिव्यात तेल घालत होती. कॉलेजातून आलेली पोर दप्तर टाकून ओरडत सुटली, याचं तिला नवल वाटलं.

पिंप सकाळी प्राप्तीच्या बापाला, हिरामणला, काशीदच्या वाळूत सापडलं होतं. समुद्रानं फुकट दिलेल्या वस्तूला नाही म्हणणारा माणूस तो नव्हेच. डिझेल ठेवायला बरं म्हणून त्यानं ते आणलं, भर उन्हात ठेवलं, टोपण सैल केलं आणि गोडसर वासावर खूश होऊन चहाला निघून गेला.

“ईथर हाय ते! झाकन मी आवळलंय. पन जेवढी वाफ सुटली ती तुझ्याकडं उतरतेय. हवेपेक्षा जड असते. दिव्याला लागली की आग उलटी वर धावंल.”

प्रयोगशाळेत सरांनी हे दाखवलं होतं. तिरप्या पन्हळीच्या वरच्या टोकाला त्याच गोडसर वासाच्या ईथरमध्ये भिजवलेला बोळा, खाली मेणबत्ती. मध्ये काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसलेल्यातून आग सरसर वर चढली.

“अल्पेश दर्यात हाय,” सोनूबाई म्हणाली. “माझ्या लेकाचा दिवा मी इझवू?”

या घरची रीतच तशी. होडी बाहेर असेपर्यंत दिवा तेवत ठेवायचा. मध्येच विझवायचा तो फक्त घरातलं माणूस गेलं तर.

“मंग उचलून वर आनते.”

“नको! वाटंत तेच भरलंय!”

सोनूबाईनं उताराकडं पाहिलं. काही दिसेना. मग तिनं दिव्याकडं पाहिलं. पिवळ्या ज्योतीला निळी झालर आली होती. अशी ज्योत तिनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. भरती मात्र रोज पाहिली होती, पायाशी येणारी, कुणाचं न ऐकणारी. ही न दिसणारी भरती होती. तिच्या अंगावर काटा आला आणि आपसूक हात जोडले गेले.

दिव्यावर फुंकर घालत नाहीत. तिनं जळती वात चिमटीत धरून विझवली, आणि मग ढसाढसा रडली.

प्राप्तीनं कुणाला विजेच्या बटणालाही हात लावू दिला नाही. आळी रिकामी केली. दुपारी बंबवाले पिंप घेऊन गेले. उद्यापर्यंत इथं काही पेटवू नका, असं बजावून गेले.

दिवेलागणीला होडी आली. गडग्यावर अंधार बघून अल्पेशनं कमरेइतक्या पाण्यातच उडी टाकली. धावत आला तो थेट आईपुढं.

“आये, कोन गेला?”

सोनूबाईनं भाजलेल्या बोटांनी त्याचा ओला चेहरा चाचपला.

“कोनी न्हाय गेला रं, बाला. कोनी जाऊ नये म्हनून तं इझवला.”