नागलीच्या पिठातलं पाऊल

बसऱ्याच्या लढाईत बुध्याने जखमी गोऱ्या साहेबाला पाठीवर घेतलं आणि गोळ्यांच्या माऱ्यातून चालता चालता तो मेला. त्याबद्दल सरकारने दिलेलं पदक तेवढं जामसरला परत आलं.

आईने रिवाजाप्रमाणे पदकापुढे नागलीचं पीठ पसरून वर टोपली झाकली. गेलेला माणूस घरी येऊन गेला की पिठात पाऊल उमटतं, आणि मग त्याला वीर म्हणून देवांत बसवता येतं.

सकाळी त्याच्या धाकट्या बहिणीने, चैतीने, टोपली उचलली. पाऊल उमटलं होतं, पण पिठाखालच्या सारवलेल्या जमिनीत वीतभर रुतलेलं.

"आये, दादा तर नुसता काटकुळा. एवढा रुतला कसा?"

आई पदकाकडे बघत राहिली. "ओझं उतरवलं नाय त्यानं अजून."

तेवढ्यात दोघींच्या मागे कुणीतरी कण्हलं आणि परक्या भाषेत काहीतरी पुटपुटलं.