क्लचवरचा पाय

"थर्डमध्ये टाकतो. गाडी बंद पडली, तर क्लच चांगला," पुनाराम मिस्त्री म्हणाला. त्याने हँडब्रेक करकचून ओढला, गिअर टाकला आणि क्लचवरचा पाय हळूहळू सोडला.

व्हॅन बंद पडायला हवी होती. ती पडली नाही. जागच्या जागी नुसती गुरगुरत राहिली आणि खालून काहीतरी करपल्याचा वास आला.

"गेली," पुनाराम खाली उतरला. "गिअरबॉक्सले काही नाही झालं, काकाजी. क्लचची प्लेट घिसली. इंजन जोर लावते, पण जोर चाकापर्यंत पोचतच नाही."

बंडोपंतांनी चेहरा गंभीर केला. मनातून मात्र त्यांना हायसं वाटलं.

ही व्हॅन त्यांनी रिटायर होताना सरकारी लिलावात घेतली होती. बालाघाटच्या त्यांच्या वॉर्डात तिच्याशिवाय कोणाचं पान हलत नसे. बाळंतिणीला दवाखान्यात न्या, नवरीला कटंगीला पोचवा, बायकांना वारासिवनीच्या बाजाराला न्या. बंडोपंत टोपी घालून तयारच. पण दिवाळीपासून व्हॅन चढावर नुसती ओरडायची आणि पुढे सरकायची नाही. सायकलवाले मागे वळून हसत निघून जायचे.

"मग विकूनच टाकू," बंडोपंत जरा घाईनेच म्हणाले. "वारासिवनीचा दुलीचंद, तो राइस मिलवाला, आहे त्या हालतीत घ्यायले तयार आहे."

"काहून विकायची?" अहिल्याबाई म्हणाल्या. नवऱ्यासोबत त्या आज हट्टाने गॅरेजात आल्या होत्या आणि स्टुलावर बसून सगळं ऐकत होत्या. "प्लेट बदलवा ना."

"बदलून काय होते? पुन्हा घिसन."

हे मात्र पुनारामच्या कारागिरीला लागलं. "अशी कशी घिसन, काकाजी? मागच्या होळीलेच नवी टाकली मी. आठ-आठ वर्षं चालते. कोणी क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवली, तर गोष्ट वेगळी..."

एवढं बोलून त्याने जीभ चावली. पण बाण सुटला होता.

"माझा पाय?" बंडोपंत लाल झाले. "अरे, सर्व्हेची जीप बैहरच्या घाटात चालवली मी! पावसात! मले क्लच शिकवून राह्यला का तू?"

"तुम्हाले नाही म्हटलं, काकाजी."

"मग कोणाले? गाडी दुसरं कोण चालवते?"

पुनाराम कान खाजवत अहिल्याबाईंकडे पाहू लागला. अहिल्याबाई छताकडे पाहू लागल्या.

"ठरलं. विकायची," बंडोपंत म्हणाले.

"पुनाराम, नवी प्लेट टाक," अहिल्याबाई म्हणाल्या.

"टाकून करायचं काय? चालवणार कोण?"

शब्द तोंडातून निघून गेले. बंडोपंतांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"मले डोळ्यानं धड दिसत नाही," ते जमिनीकडे पाहत म्हणाले. "परवा पुलावर म्हशींच्या कळपाले ट्रक समजून हॉर्न वाजवत राह्यलो. डॉक्टर म्हणते, मोतीबिंदू पिकाले साल-दीड साल लागन. बाजूले तू बसली असतेस. मागे वॉर्डातल्या बाया, पोरं. एखाद दिवशी काही झालं तर..."

त्यांना वाटलं, आता अहिल्या डोळ्याला पदर लावणार.

"मले आषाढापासून माहीत आहे," अहिल्याबाई म्हणाल्या. "शेजारच्या गोदाबाईले तुम्ही तीनदा माझ्या नावानं हाक मारली. तिसऱ्यांदा तर चहा मागितला."

"मग बोलली काहून नाही?"

"तुम्ही तरी कुठं बोलले?"

त्या उठल्या. पुनारामच्या हातातून त्यांनी किल्ली घेतली, पदर खोचला आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या. बंडोपंतांना काही कळायच्या आत व्हॅन सुरू झाली. तिने कुरकुर केली, करपट वास सोडला, पण सपाट जागेवर ती हलली. गॅरेजासमोरच्या कडुलिंबाखालून मागे आली, वळली आणि गाडीखालून काम करायच्या खड्ड्यावर दोन्ही चाकं बरोबर दोन बाजूंना ठेवून थांबली.

अहिल्याबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"पाय माझा होता," त्या म्हणाल्या. "आता सुटली ती सवय."

"काकाजी, तुम्ही सकाळी नदीवर फिरायले जाता ना," पुनाराम हळूच म्हणाला, "तवा आम्ही स्टेशनामागच्या मैदानात जात होतो. चार महिने झाले. अख्ख्या वॉर्डाले माहीत आहे, तुम्हाले सोडून."

रागवावं असं बंडोपंतांना फार वाटलं. त्यासाठी त्यांनी तोंडही उघडलं. पण इतके महिने छातीवर धरून ठेवलेलं काहीतरी एकदम सुटलं आणि ते अहिल्याबाईंच्या रिकाम्या स्टुलावर मटकन बसले. मग एकटेच हसायला लागले.

नवी प्लेट पडली. अहिल्याबाईंचं लायसन झालं. बाळंतिणी वेळेवर पोचल्या, नवऱ्या कटंगीला गेल्या, आणि बंडोपंत डाव्या सीटवर बसून "हळू, हळू" म्हणत राहिले.

पुढच्या साली त्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, जाड भिंगांचा चष्मा आला. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. पहिल्याच बाजाराच्या दिवशी बंडोपंत टोपी घालून ओट्यावर आले. त्यांनी व्हॅनचा नंबर लांबूनच खणखणीत आवाजात वाचून दाखवला. शेजारच्या गोदाबाईंना त्यांच्याच नावाने नमस्कार केला. मग ऐटीत अहिल्याबाईंसमोर किल्लीसाठी हात पुढे केला.

अहिल्याबाईंनी त्या हातात बाजाराची पिशवी ठेवली.